बाईसाहेब रिटायर झाल्या!

पर्शियन म्हटलं की सगळ्यांना कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लूच हवं असतं. मी आणली ६ वर्षांची. ब्रीडरच्या भाषेत ‘रिटायर्ड’! म्हणजे पिल्लं देऊन झाली, आता पिंजरा रिकामा करा. आधी तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलं, नाहीतर पुढे गर्भाशयात पू होण्याची भीती. चपट्या नाकामुळे डोळे पाझरतात, ते रोज पुसायचे. केसही रोज विंचरायचे. (माझे कुठे रोज विंचरले जातात?) पहिले ९ दिवस बाईसाहेब पलंगाखालीच. आई फोनवर म्हणाली, “अगं, पिल्लू आणलं असतंस तर लळा तरी लागला असता.” दहाव्या रात्री डेडलाइनशी झुंजत होते, तर गुपचूप येऊन कीबोर्डशेजारी बसली. घरातलं मांजर सहज १२-१५ वर्षं जगतं, म्हणजे हिचं निम्मं आयुष्य अजून बाकी आहे. उचलून घेतलेलं मात्र अजून चालत नाही. अंग आखडून घेते.