संडूर : टिपणातले आणि डोळ्यांपुढचे

बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला शहाजीराजांची जहागीर ठाऊक असते. पाहुणे आले की तो अभिमानाने ती गोष्ट सांगतो. परंतु याच कर्नाटकात एक मराठी संस्थान स्वातंत्र्यानंतरही दीड वर्ष टिकून होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ते म्हणजे बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर. आज तो एक तालुका आहे. माझी आणि त्याची पहिली ओळख मात्र इतिहासातून झाली नाही. ती झाली एका तक्त्यातून.

२००७ च्या सुमारास जिल्हानिहाय आर्थिक स्थितीवरचे एक टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. चीनमध्ये पोलादाची भूक वाढलेली, लोहखनिजाचे भाव चढलेले. बळ्ळारीचे आकडे असे उसळत होते की मी त्या टिपणात ‘लक्षणीय प्रगती’ असा शब्दप्रयोग केला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्यानंतर काही महिन्यांनी एका कामानिमित्त प्रत्यक्ष संडूरला जाण्याचा योग आला.

संडूरची भूरचना मोठी विलक्षण आहे. चहूबाजूंनी डोंगरांच्या रांगा आणि मध्ये लांबट खोरे. नारीहळ्ळ नावाची छोटी नदी भीमगंडी आणि ओबळगंडी या दोन अरुंद खिंडींतून डोंगर कापत जाते. बळ्ळारीच्या रखरखीत काळ्या रानातून आलेल्या माणसाला हे हिरवे खोरे वेगळ्याच मुलखातले वाटते. गांधीजी १९३४ साली येथे आले होते. ‘सप्टेंबरात संडूर पाहावे’ असे ते म्हणाल्याचे येथील प्रत्येक जण सांगतो. मी गेलो तेव्हा सप्टेंबरच होता. डोंगर हिरवे होते. पण रस्त्याकडेच्या चिंचांची पाने मात्र विटकरी लाल. लॉऱ्यांची रांग कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते दिसत नव्हते.

या खिंडींनीच संडूरचा इतिहास घडवला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिदोजी घोरपडे यांनी हे खोरे बेडर पाळेगारांकडून जिंकले. गुत्तीचे प्रसिद्ध मुरारराव घोरपडे हे त्यांचेच पुत्र. पुढे हैदरअलीने गुत्ती व संडूर दोन्ही घेतले. त्यांपैकी संडूर घोरपड्यांना परत मिळाले. दुसऱ्या बाजीरावाची या मुलखावर नजर होती. १८१५ साली तो कुमारस्वामीच्या दर्शनाचे निमित्त करून फौजेसह आला, तेव्हा शिवराव घोरपड्यांनी खिंडी रोखल्या आणि पेशव्यांना मोजक्या लोकांनिशीच देवदर्शन घडू दिले. १८१७ मध्ये पेशव्यांच्या आग्रहावरून कंपनी सरकारचा थॉमस मन्रो चालून आला. शिवरावांनी न लढता संस्थान सोडले. पेशवाई लगेच बुडाली आणि संस्थान त्यांना परत मिळाले! राज्यकारभारात कधीकधी थांबणे हेही धोरणच असते.

संस्थान चिमुकले होते. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम ११ हजारांच्या घरात. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी कन्नड. शिवाय बेडर, लंबाणी, मुसलमान आणि घोरपड्यांबरोबर आलेली मराठा कुटुंबे. यशवंतराव घोरपडे यांनी १९३२ मध्ये कुमारस्वामीचे मंदिर हरिजनांना खुले केले. त्रावणकोरची प्रसिद्ध मंदिरप्रवेशाची घोषणा त्यानंतर चार वर्षांनी, १९३६ मध्ये झाली. १९४९ मध्ये संस्थान मद्रास प्रांतात विलीन झाले आणि १९५३ मध्ये बळ्ळारीबरोबर म्हैसूर राज्यात आले. याच घराण्यातील एम. वाय. घोरपडे केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले, १९७२ पासून पाच वर्षे राज्याचे अर्थमंत्री होते आणि पुढे ग्रामविकास व पंचायत राज खाते त्यांनी सांभाळले. ते अर्थमंत्री असतानाच, १९७३ मध्ये, समाजवाद्यांनी संडूरच्या कुळांच्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

त्या भेटीत एका मराठा कुटुंबातील वयोवृद्ध गृहस्थांच्या घरी चहा झाला. त्यांची मराठी ऐकताना कान टवकारले. क्रियापदे जुनी, हेल कानडी. “आमची मराठी तुम्हांस मोडकी वाटेल, साहेब,” ते म्हणाले. मी म्हणालो, “काका, आमच्या मुलांची याहून मोडकी आहे.” ते हसले. मग त्यांनी आपली तीन एकर जमीन दाखवली. तेथे जोंधळा नव्हता, खनिजाचे ढीग होते. जमीन साठवणुकीसाठी भाड्याने दिली होती. दहा वर्षांच्या पिकात मिळाले नसते तेवढे एका वर्षात मिळत होते. मुलाने कर्ज काढून लॉरी घेतली होती. “पण ढीग उचलल्यावर ही जमीन पुन्हा जोंधळा देईल का?” त्यांनी मला विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे टिपण मात्र तेव्हा वर पोहोचलेले होते.

बंगळुरास परतताना मला माझी चूक उमगली. घरातले सोने विकून आलेल्या पैशाला कोणी पगार म्हणत नाही. डोंगर फोडून विकला की तो पैसा उत्पन्नाच्या रकान्यात जातो. कमी झालेला डोंगर, आटलेला झरा, नापीक झालेले तीन एकर हे कोणत्याच रकान्यात वजा होत नाहीत. यंत्राचा घसारा आपण धरतो, भूमीचा धरत नाही. पुस्तकात हे मी शिकलो होतो. टिपण लिहिताना विसरलो.

पुढचे सर्वांना माहीत आहे. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम थांबवले. २०१३ च्या निकालाने खाणींची अ, ब, क अशी वर्गवारी कायम केली आणि ‘क’ वर्गातील परवाने रद्द झाले. बळ्ळारीसाठी वार्षिक उत्पादनाची मर्यादा अडीच कोटी टन ठरली. २०२२ मध्ये ती साडेतीन कोटी टनांवर गेली. त्या बंदीचे मी मनापासून स्वागत केले. परंतु काकांच्या मुलाची लॉरीही तेव्हाच थांबली. हप्ते थकले आणि अखेर ती वित्तकंपनीने ओढून नेली. लूट करणारे वेगळे होते. पण बंदीची पहिली झळ लॉरीवाल्याला बसली. योग्य निर्णयाचीही किंमत असते, आणि ती कोणी मोजावी हे निर्णयाबरोबरच ठरवायचे असते. आपल्या प्रशासनात ते बहुधा नंतर ठरते, किंवा ठरतच नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातील पट्ट्यांच्या १० टक्के एवढी रक्कम बाधित लोकांसाठी राखून ठेवायची. कल्पना उत्तम आहे. परंतु हा पैसा म्हणजे विकलेल्या डोंगराचा मोबदला. तो कमानी आणि सभागृहे यांवर खर्चायचा, की पाणी, शाळा आणि मातीची दुरुस्ती यांवर, हे ग्रामसभेत ठरले तरच त्याला अर्थ आहे.

गेल्या वर्षी पुन्हा संडूरला जाऊन आलो. काका आता नाहीत. मुलगा गावातच आहे. लहानसे दुकान चालवतो. तीन एकरांपैकी एका तुकड्यावर त्याने तळ्याचा गाळ आणून टाकला आहे. “दोन वर्षे काही आले नाही,” तो म्हणाला, “यंदा थोडा जोंधळा आला.” शेताच्या कडेला उभे राहून मी ती कणसे पाहिली. दाणे बारीक होते. आता असे टिपण पुन्हा लिहायची वेळ आली, तर सुरुवात मी त्या तुकड्यापासून करीन.