७१ नंबरची ट्राम

परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानाचे वजन तो स्वतः ठरवीत नाही, त्याचे आप्तेष्ट ठरवितात. २०१९ सालच्या सप्टेंबरात आम्ही उभयता व्हिएन्नाला निघालो, तेव्हा आमच्या सामानाचे वजन एकट्या नानाने ठरविले होते. फोनवरून त्याने यादीच सांगितली. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ आणि एक अडकित्ता.

"अडकित्ता कशाला रे? तिथे सुपारी मिळते?"

"मिळत नाही. पण हातात धरायला बरा वाटतो."

सौ.च्या मनात पेढे न्यायचे होते. परंतु बाहेरून येणाऱ्या उतारूंना दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, असे नानाने बजावले. "कस्टमवाल्याने तुमच्यादेखत पेढे टाकून दिले, तर तुम्ही रडाल, वहिनी!" पेढे राहिले. अडकित्ता मात्र पाहिजे तसा जुना, पितळी, मंडईजवळच्या गल्ल्या धुंडाळून सौ.ने पैदा केला.

नाना म्हणजे माझा बालमित्र. पुण्यात नारायण पेठेतल्या एकाच वाड्यात आम्ही वाढलो. त्याचे वडील तो सहा वर्षांचा असतानाच गेले. माईंनी, म्हणजे त्याच्या आईने, शिवणकाम करून, पापड लाटून त्याला इंजिनिअर केले. १९७२ साली तो दोन वर्षांसाठी म्हणून ऑस्ट्रियाला गेला. अशी दोन वर्षे किती लांबतात, हे ज्यांच्या घरचे कोणी गेले आहे त्यांना सांगायला नको. तिथेच त्याने एका शाळामास्तरणीशी लग्न केले. माईंनी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी सुनेसाठी पैठणीची चौकशी सुरू केली.

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे. १९८४ साली माई आजारी पडल्या. अकरा दिवस इस्पितळात होत्या. मी तार केली, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.' उत्तर आले की, बायकोचे दिवस भरत आले आहेत, डॉक्टर तिला सोडून जाऊ नका म्हणतात, मोकळी झाली की लगेच निघतो. त्याची मुलगी जन्मली त्याच आठवड्यात माई गेल्या. अग्नी मी दिला. नंतर त्याला निळ्या एरोग्रामवर सविस्तर पत्र लिहिले की माई शांतपणे, झोपेतच गेल्या; शेवटी त्यांचे कुठेच मन अडकले नव्हते.

ते खरे नव्हते. अकरा दिवस दाराशी पाऊल वाजले की माई विचारीत, "नाना आला का रे?" ते मी पत्रात लिहिले नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून लिहिले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. पण खरे सांगायचे तर मनात राग होता आणि रागावलेला माणूस फार सुबक पत्र लिहितो. पुढे नाना दोनदा पुण्याला येऊन गेला. घर माणसांनी भरलेले असे. या विषयावर आम्ही दोघेही एक अक्षर बोललो नाही.

नानाचे बिऱ्हाड 'कार्ल मार्क्स होफ' नावाच्या इमारतीत आहे. इमारत म्हणणे कठीण; तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एक किलोमीटरहून जास्त चालावे लागते! व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२७ ते १९३० या काळात कामगारांसाठी ही बांधली. १३८२ बिऱ्हाडे, आत मोठमोठी अंगणे, बालकमंदिरे, सामायिक धुलाईघरे. १९३४ च्या फेब्रुवारीत यादवी पेटली तेव्हा सरकारने तिच्यावर तोफा डागल्या होत्या. नाना हे सारे मोठ्या अभिमानाने सांगत होता. सौ.ने कमानीतून आत पाहिले. खिडकीतून एक आजीबाई खाली खेळणाऱ्या नातवाला ओरडत होत्या. सौ. म्हणाली, "म्हणजे चाळच की, भावजी!"

नाना इतका खूश झाला की विचारू नका. "हेच! हेच मी इतकी वर्षे सगळ्यांना सांगतोय!"

शहर त्याने आम्हांला हौसेने दाखविले. राजवाडे पाहिले, पण राजवाडे मला सगळीकडे सारखेच वाटतात. लक्षात राहिल्या त्या दोन गोष्टी. एक तिथले पाणी. आल्प्सच्या डोंगरांतून झऱ्याचे पाणी नळाने शहरात येते. पहिला नळ १८७३ सालचा. कुठेही तोटी सोडावी आणि खुशाल प्यावे. दुसरी गोष्ट कॉफीगृह. कॉफीबरोबर छोट्या तबकात पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रे लाकडी दांड्यांत अडकवून ठेवलेली असतात आणि एका कपावर तीन तास बसलात तरी वेटर तुमच्याकडे मारक्या नजरेने पाहत नाही. या कॉफीगृहांच्या रीतीला २०११ साली ऑस्ट्रियाने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातले. आमच्या लहानपणीच्या पुण्यातल्या अमृततुल्यांना एवढे भाग्य कोठले!

चौथ्या दिवशी नाना म्हणाला, "आज तुम्हांला तिच्याकडे घेऊन जातो." त्याची बायको २०१५ साली वारली.

वाटेत गाडी बदलून आम्ही ७१ नंबरच्या ट्राममध्ये बसलो. ही ट्राम शहराच्या मध्यवर्ती स्मशानभूमीकडे जाते. कोणी वारले की व्हिएन्नातले लोक म्हणतात, 'त्याने एकाहत्तर नंबर पकडली.' आपण नाही का म्हणत, 'वैकुंठाला गेला', तसेच. आणि पुणेकरांच्या वैकुंठालाही स्मशानच आहे! नाना हे हसत हसत सांगत होता. सौ. हसली नाही. तिने हातातली फुलांची पुडी घट्ट धरली होती.

ही दफनभूमी १८७४ साली उघडली. आत सुमारे तीस लाख माणसे निजली आहेत, म्हणजे व्हिएन्नात जिवंत आहेत त्यांच्याहून अधिक. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, आणि दाट भागात चक्क हरणे हिंडतात. बेथोव्हेन आणि शूबर्ट यांना १८८८ साली दुसऱ्या दफनभूमीतून उचलून इथे आणले. मोझार्टचे मात्र इथे नुसते स्मारक आहे. तो पुरला गेला दुसरीकडे. ब्राह्म्स आहे, योहान श्ट्राउस आहे. पर्यटक तिथे फोटो काढीत होते. आम्ही पुढे गेलो.

नानाच्या बायकोची कबर साधी आहे. काळा दगड, लाल काचेचा दिवा, लहानसे बेगोनियाचे रोप. दगडावर तिचे नाव आणि दोन साले. त्याच्याखाली नानाचे नाव होते. जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा.

"अगं बाई!" सौ.च्या तोंडून निघून गेले. "जिवंत माणसाचे नाव?"

"इथे अशी पद्धत आहे, वहिनी. एकदम कोरले की स्वस्त पडते." मग तो थांबून म्हणाला, "जागा भाड्याची असते. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. मुलगी ग्राट्सहून येऊन भरेल, असे म्हणते. बघू."

सौ.ने फुले ठेवली, पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि दगडाला बोट लावले. कोणाची हरकत असेल की काय, असे मला क्षणभर वाटले. हरकत कोण घेणार?

जवळच्या बाकावर आम्ही बसलो. नाना मध्ये. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्याकडे न पाहताच तो म्हणाला, "तुझे ते पत्र अजून आहे माझ्याकडे. फार छान लिहिलेस. पण इतक्या वर्षांत त्यावर माझा एकदाही विश्वास बसला नाही. माई झोपेत जाणारी बाई नव्हती." आणि सौ.कडे वळून, "वहिनी, तुम्ही होता तिथे. माझे नाव काढले होते का तिने?"

मी काही तरी बोलायला तोंड उघडले. सौ.ने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि मी ते मिटले.

"रोज काढीत होत्या," ती म्हणाली. "दर तासाला. दार वाजले की, नाना आला का."

नानाने मान हलविली. ऐकायचे होते ते ऐकल्यासारखी.

"शेवटच्या रात्री हे औषध आणायला गेले होते," सौ. पुढे म्हणाली. "मी एकटी होते. त्यांनी पुन्हा विचारले. मला राहवेना, भावजी. मी सांगितले, हो माई, आले आहेत. खाली रिक्षावाल्याचे पैसे देताहेत."

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहत राहिलो. आमच्या संसाराला तेव्हा चौदा वर्षे झाली होती आणि त्यानंतर पस्तीस झाली. पण ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती.

"मग?" नानाचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मग त्या म्हणाल्या, 'माझे केस सारखे कर गं. असा अवतार पाहील तर घाबरेल तो.' मी फणी घेतली, केस विंचरले, लहानसा अंबाडा घातला. पदर नीट केला. दाराकडे तोंड करून निजवले. हसत होत्या. अन् तशाच..." सौ.ने पदर तोंडाला लावला. "मरणाऱ्या माणसाशी खोटे बोलले मी. आजपर्यंत कोणाला सांगितले नाही. तुम्हांला तर कसे सांगणार? तुम्ही आला नव्हता, म्हणून तर बोलावे लागले."

हे शेवटचे वाक्य फार कठोर होते. मला वाटले, हिने हे बोलायला नको होते. पण माझ्या सुबक पत्रात जे नव्हते ते हेच.

नाना उठला. कबरीपाशी जाऊन दिव्याची काच रुमालाने पुसू लागला. ती स्वच्छच होती. तो पुसत राहिला. आम्ही बाकावर बसून राहिलो. दूर कुठे तरी माळ्याचे यंत्र चालू होते.

परतीच्या ट्राममध्ये तो एक शब्द बोलला नाही. रात्री मात्र स्वतः भाजणी भिजवून थालिपीठ लावले आणि मोडले. सौ.ने उरलेली लावली. जेवून उठल्यावर तो अडकित्ता हातात घेऊन उघडमीट करीत कितीतरी वेळ खिडकीशी उभा होता. मला मध्येच जाग आली तेव्हाही तो आवाज येतच होता.

आम्ही निघालो त्या दिवशी तो विमानतळावर पोचवायला आला. सामान वगैरे सोपविले. नेहमीची बोलणी झाली, पुढच्या वर्षी तू ये, बघू, तब्येत सांभाळ. आत शिरणार एवढ्यात त्याने मला विचारले, "चौऱ्याऐंशी साली पुणे स्टेशनहून इस्पितळापर्यंत रिक्षाला किती पडत असतील रे?"

मी गोंधळलो. "पडत असतील पाच-सहा रुपये."

त्याने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक जुनी दहाची नोट काढली. मागे कधी तरी पुण्याहून परतताना राहून गेलेली असावी. घड्यांवर ती पार विरली होती. ती त्याने सौ.च्या हातात ठेवली.

"वरचे राहू द्या, वहिनी," तो म्हणाला.

एरवी कोणाकडून पैसा घ्यायचा म्हटले की सौ. अर्धा तास नको नको करते. तिने ती नोट मुकाट्याने घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवली.