बुळबुळीत!

तिनं परीक्षानळी बेसिनवर उलटी केली. आतलं सगळं सांडलं, वर पाण्यानं चांगली खळबळून काढली, आणि तरी काचेला आतून जांभळा पट्टा तसाच! "बघ की आत्या, हटतोय का?" माझी भाची मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. आदल्या दिवशी तिनं त्या नळीत जंतूंचं खाद्य घालून त्यात जंतू सोडले होते, नळी रात्रभर उबेत ठेवली होती. सकाळी द्रव ओतून दिला, नळी धुतली, क्रिस्टल व्हायोलेट नावाचा रंग घातला आणि पुन्हा धुतली. काच स्वच्छ झाली असती तर रंगही वाहून गेला असता. गेला नाही, कारण काचेवर कुणीतरी मुक्काम ठोकला होता. चाचणी एवढी स्वस्त की साध्या कॉलेजातही करता येते. १९८२पासून ती वापरात आहे म्हणे, आणि मला आत्ता कळतेय!

त्या थराचं नाव बायोफिल्म. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

जंतू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं चित्र येतं: एकेकटे, इकडून तिकडे पोहणारे दांडके आणि ठिपके. प्रत्यक्षात ह्या मंडळींना पोहण्यापेक्षा चिकटायला आवडतं. ओलसर पृष्ठभाग मिळाला की ती बसतात, वाढतात आणि स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गर सोडतात. त्या गरात पाण्याच्या वाटा असतात, त्यांतून खाद्य आत येतं. वरचे जंतू खातात, तळाचे अर्धपोटी सुस्त पडून राहतात. आणि ही सुस्तीच त्यांना वाचवते! बरीच प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूंवर घाव घालतात. जो वाढतच नाही त्याचं काय बिघडवणार? मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या कधीकधी हजारपट मात्रा थरातला जंतू पचवतो.

हे ऐकलं आणि मला सांगलीचा विष्णू घाट आठवला. पाण्याखालची ती पायरी, जिच्यावर पाय ठेवला की पुढचं देवाच्या हाती! वाईचे घाट घ्या, साताऱ्याजवळचा माहुलीचा संगम घ्या, कऱ्हाडचा प्रीतिसंगम घ्या, कृष्णाकाठचा प्रत्येक माणूस बायोफिल्मवरून एकदा तरी घसरलेला आहे. शेवाळाबरोबर तिथं जंतूंचाही थर असतो. माठ बरेच दिवस घासला नाही की आतून हाताला लागतं, तेही हेच. गंमत म्हणजे विज्ञानालाही हा शोध ओढ्यातल्या दगडांवरच लागला. बिल कॉस्टरटन हे कॅनडातले शास्त्रज्ञ. डोंगरातल्या ओढ्यांत त्यांना आणि सहकाऱ्यांना दिसलं, की वाहत्या पाण्यापेक्षा दगडांवर जंतू कितीतरी जास्त आहेत. १९७८ साली त्यांनी त्यावर गाजलेला लेख लिहिला. पुढे काही वर्षांतच रुग्णाच्या पेसमेकरच्या तारेवर असाच थर दिसला. ओढ्यातून थेट हृदयात!

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारणारे डॉ. वॉनलेसही मूळचे कॅनडाचेच. त्यांचा काळ शल्यविशारद लिस्टरच्या जंतुनाशक कार्बोलिक आम्लाचा. जंतू दिसला की त्याला औषधानं मारायचा. आज इस्पितळापुढचा प्रश्न असा आहे, की औषध जंतूपर्यंत पोचतंय का?

कारण थर फक्त ओल्या जागी नसतो. २०१२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एका अतिदक्षता विभागाची शेवटची कडक सफाई होऊ दिली. मग तिथल्या वस्तू कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. बहुतेक वस्तूंवर बायोफिल्म, आणि त्यातले काही जंतू जिवंत! कोरड्या, पुसलेल्या, चकचकीत वस्तूंवर. खाटेचा कठडा, पडदा, कळफलक, सगळंच आता मला संशयास्पद वाटू लागलंय.

मग करायचं काय? उत्तर इतकं साधं निघालं की मी दोनदा विचारलं. घासायचं! आधी साबणाच्या पाण्यानं, हाताला जोर देऊन घासायचं, मग जंतुनाशक लावायचं, आणि ते लगेच न पुसता ठरलेली मिनिटं ओलं राहू द्यायचं. सांगलीकरांना हे शिकवायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि ओसरली, तेव्हा घराघरात आधी खोऱ्यानं गाळ उपसला, ब्लीचिंग पावडर नंतर पडली. गाळावर पावडर टाकली तर क्लोरीन गाळातच संपतं. थराचंही तेच: ब्लीचमधलं हायपोक्लोराइट वरच्या गरातच खर्ची पडतं, तळाला पोचेपर्यंत त्यात दम उरत नाही. म्हणून माझ्या मते इस्पितळातला सगळ्यात महत्त्वाचा जंतुशास्त्रज्ञ म्हणजे वॉर्डातली मावशी. तिच्या हाताला पुरेसा वेळ आणि चांगला ब्रश मिळाला नाही, तर महागड्या औषधाचे कॅन आणून उपयोग काय?

आणि बेसिन! हे ऐका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात संशोधकांनी हिरवे चमकणारे ई-कोलाय बेसिनखालच्या वाकड्या नळीत सोडले आणि त्यांना खाद्य देत राहिले. जंतूंनी नळीच्या भिंतीवर थर रचला आणि तो वर चढत निघाला, दिवसाला साधारण एक इंच! आठवड्याभरात थर बेसिनच्या जाळीपाशी. तोवर बाहेर काही नव्हतं. मग नळ सोडला, पाणी जाळीवर आपटलं आणि हिरवे थेंब अडीच फुटांपर्यंत उडाले. हात धुणाऱ्यावर, बाजूच्या कट्ट्यावर! २०१७ साली हे छापून आलं. म्हणजे ज्या बेसिनवर आपण पेशंटचा डबा विसळतो, उरलेला चहा ओततो, त्याच्या पोटात आपणच खानावळ चालवतो. हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठी ठेवा, ह्या पाटीमागे एवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या पाटीवर कुणी का लिहीत नाही?

भाचीनं मग हळदीचा विषय काढला आणि माझी सांगलीकर छाती फुगली. काही जंतू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवून ठरवतात की आता आपण पुरेसे जमलोय, थर रचायला घ्या. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत काही जंतूंच्या ह्या निरोपांत अडथळा आणतं, असं दिसलंय. २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद! पण हे सगळं प्रयोगशाळेतलं. हळदीचं पाणी घेऊन कुणी वॉर्ड पुसायला निघू नका. वॉर्ड पिवळा होईल, बाकी काही नाही.

परवा साताऱ्याला दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. खुर्चीतल्या पाण्याच्या नळ्या म्हणजे बायोफिल्मचं माहेर: बारीक व्यास, रात्रभर साचलेलं पाणी. तोंड उघडायच्या आधीच मी विचारलं, "डॉक्टर, दोन पेशंटांच्या मध्ये नळी वीस-तीस सेकंद वाहू देता ना?" ते हसले, पायानं पेडल दाबलं आणि पाणी सोडून दाखवलं. मग माझ्या दातांमागून खरवडलेला पिवळट थर आरशात धरून म्हणाले, "आणि हा कुणाचा? लेवेनहुक नावाच्या डच हौशी संशोधकानं साडेतीनशे वर्षांपूर्वी दातांवरचा असाच थर भिंगाखाली धरला होता. नळीचं मी बघतो ताई, ह्याचं तुम्ही बघा."

रात्री झोपताना घासताय का, हेही त्यांनी विचारलं.