पहिलं नाव अज्ञात

न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल जगाला ठाऊक आहे ते उडत्या तबकडीमुळे. १९४७ साली तिथल्या माळावर काहीतरी कोसळलं आणि तेव्हापासून ते गाव परग्रहवासीयांच्या नावावर पोट भरतं आहे. पण त्यानंतर सात वर्षांनी त्याच गावाच्या आकाशात खरोखरच काहीतरी उडत होतं, आणि त्याला साक्षीदार भरपूर होते. सहा फूट पाच इंच उंचीचा ‘जो बाउमन’ नावाचा डावखुरा बेसबॉलपटू १९५४ च्या हंगामात रॉझवेल रॉकेट्सकडून १३८ सामने खेळला आणि त्याने ७२ होमरन (क्रिकेटवाल्यांनी षटकार समजावेत) मारले. मेजर लीगमधल्या बेब रूथचा एका हंगामातला जगप्रसिद्ध आकडा ६० चा. व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात बाउमनइतके होमरन तोवर कुणीच मारले नव्हते, आणि २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारेपर्यंत कुणी मारलेही नाहीत.

हा माणूस मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

अशा माणसांबद्दल लिहिताना लेखणी आपोआप हळहळायला लागते. बाउमनच्या बाबतीत मला तसं करवत नाही. होमरन मारून तो परतला की प्रेक्षक स्टँडपुढच्या जाळीच्या भोकांतून डॉलरच्या नोटा पुढे करत आणि तो जाळीच्या कडेकडेने चालत त्या गोळा करी. गावात त्याचा स्वतःचा पेट्रोल पंप होता. १९४८ मध्ये तो मेजर लीगमधल्या बॉस्टन ब्रेव्ह्जच्या खालच्या संघांच्या साखळीत बऱ्यापैकी वर गेला होता, पण पुढच्या वर्षीच्या पगारावरून खटकलं. तेव्हा गडी सरळ ओक्लाहोमातल्या एल्क सिटीत निघून गेला, तिथल्या अर्धव्यावसायिक संघाकडून खेळू लागला. वरच्या लीगची वाट बघत झुरण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. रॉझवेलचा संघ ज्या लाँगहॉर्न लीगमध्ये खेळायचा ती ‘सी’ दर्जाची, म्हणजे खालून दुसरी पायरी. हवा विरळ, पिचर कच्चे, तिथल्या आकड्यांचं काय एवढं, असं म्हणणारे आहेत. खरंही असेल. पण त्याच विरळ हवेत, त्याच कच्च्या पिचरांसमोर बाकीचेही खेळत होते, आणि त्यांनी काही ७२ मारले नाहीत.

थोडा हिशेब मांडू. दुसऱ्या महायुद्धानंतर मायनर लीगला, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक लीगना, भरती आली होती. १९४९ साली अमेरिकेत आणि आसपास ५९ मायनर लीग चालू होत्या, संघ चारशेहून अधिक, आणि हंगामभरात प्रेक्षक जवळजवळ चार कोटी. मेजर लीगमध्ये तेव्हा संघ होते १६. प्रत्येकी २५ खेळाडू धरले तर जागा ४००. म्हणजे वरच्या एकेका जागेसाठी खाली एकेक अख्खा संघ उभा. त्यातून दूरचित्रवाणी आली, मेजर लीगचे सामने घरात दिसू लागले, आणि पुढच्या बारा-चौदा वर्षांत खालच्या लीग पटापट मिटत गेल्या. मेजरपर्यंत पोहोचला नाही, याचं खापर आपण खेळाडूच्या माथी फोडतो. पण चारशे जागांत हजारो माणसं मावणार कशी?

जागा कधी मिळेल, याला काही धरबंध नाही. २४ जून १९४६ ला स्पोकेन इंडियन्स संघाची बस वॉशिंग्टन राज्यातले कॅस्केड डोंगर ओलांडून ब्रेमर्टनकडे निघाली होती. वाटेत एलेन्सबर्गला ती जेवायला थांबली. तिथे जॅक लोर्कीला निरोप मिळाला की सॅन डिएगोच्या संघाने बोलावलंय, वरच्या दर्जाच्या लीगमध्ये. त्याने बसमधून आपलं सामान काढलं, सोबत्यांचा निरोप घेतला आणि मिळेल त्या गाडीला हात करत माघारी निघाला. पुढे स्नोक्वाल्मी खिंडीत पावसाच्या निसरड्या रस्त्यावरून बस खाली गेली आणि पेटली. नऊ खेळाडू गेले. त्यातले बरेचजण युद्धावरून नुकतेच परतलेले. व्हिक पिसेटी नावाचा पोरगा अवघा १८ वर्षांचा. नवांपैकी एकच जण पूर्वी कधीतरी मेजर लीगचे थोडेसे सामने खेळला होता. लोर्की मात्र पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘लकी लोर्की’ केलं, आणि ते नाव त्याला जन्मभर खुपत राहिलं.

आता स्टीव्ह डाल्कोव्स्की. मायनर लीगच्या गप्पा त्याच्याशिवाय पुऱ्याच होत नाहीत. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावचा कामगारवस्तीतला पोरगा, जाड चष्मा, शरीरयष्टी बेताची. १९५७ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला टेनेसीतल्या किंग्सपोर्टला पाठवलं, अगदी तळच्या पायरीवर. तिथे ६२ इनिंग्जमध्ये त्याने १२१ जणांना स्ट्राइकआउट केलं आणि १२९ जणांना वॉक दिला. वॉक म्हणजे चार चेंडू वाकडेतिकडे पडले की समोरचा न खेळताच पहिल्या बेसवर जातो. क्रिकेटवाल्यांनी मोठा वाइड समजावा. शिवाय ३९ चेंडू असे, की ते कॅचरच्याही आवाक्याबाहेर गेले. ३१ ऑगस्टला ब्लूफील्डविरुद्ध त्याने एकाच सामन्यात २४ स्ट्राइकआउट केले. एका संघाचे नऊ इनिंग्जमध्ये बाद व्हायचे असतात २७. असा पराक्रम करूनही तो सामना त्याने ८-४ असा गमावला, कारण १८ जणांना फुकट बेसवर सोडलं होतं.

१९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनला १७० इनिंग्ज. स्ट्राइकआउट २६२. वॉक २६२. चित्रगुप्ताची वहीसुद्धा इतकी चोख जुळत नसेल.

त्याचा चेंडू किती वेगाने जायचा? वेग मोजायची बंदूक तेव्हा नव्हती. १९५८ मध्ये ओरिओल्सने त्याला मेरीलँडमधल्या ॲबर्डीनच्या लष्करी तळावर नेलं, तोफगोळे जिथे तपासतात तिथे. आकडा आला ताशी ९३.५ मैल, म्हणजे १५० किलोमीटर. वेगवानच, पण दंतकथेला पुरेल इतका नव्हे. त्यावर त्याच्या बाजूचे सांगतात, की आदल्याच दिवशी तो सामन्यात पिच करून थकला होता, उंचवट्याऐवजी सपाट जमिनीवरून फेकत होता, आणि यंत्राच्या नेमक्या किरणातून चेंडू जाईपर्यंत त्याला कितीतरी चेंडू फेकावे लागले. मग उरतात त्या गोष्टी. चेंडू लाकडी कुंपण फोडून गेला म्हणे. अंपायरचा मुखवटा फुटला म्हणे. टेड विल्यम्ससारखा फलंदाज एक चेंडू बघून बाजूला झाला म्हणे. या ‘म्हणे’वर माझा पुरता विश्वास नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्वतः त्याच्यासमोर बॅट घेऊन उभे राहिलेले लोक पुढे म्हातारपणीही त्याचा विषय निघाला की आवाज चढवून बोलत.

१९६२ मध्ये एल्मायरा संघात त्याला अर्ल वीव्हर हा मॅनेजर भेटला. वीव्हर स्वतःही खेळाडू म्हणून मेजरपर्यंत न पोहोचलेला. त्याने डाल्कोव्स्कीच्या डोक्यातली गर्दी कमी केली. दोनच प्रकारचे चेंडू टाकायचे आणि नेम मधोमध धरायचा, एवढंच. त्या वर्षी १६० इनिंग्जमध्ये वॉक ११४ वर उतरले. १९६३ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत ओरिओल्सचा गणवेश त्याच्या मापाने शिवायला टाकला होता, असं सांगतात. यँकीजविरुद्धच्या सामन्यात त्याच्या कोपरात काहीतरी तुटलं आणि तो वेग परत कधी आला नाही. पुढचं सांगायला बरं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. दारू, कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरी, मग दारूनेच पोखरलेली स्मृती. १९९४ च्या सुमारास बहिणीने त्याला न्यू ब्रिटनला परत आणून शुश्रूषागृहात ठेवलं. एप्रिल २०२० मध्ये करोनाने तो गेला.

जगाला तो कळला त्याचं कारणही मायनर लीगच. रॉन शेल्टन नावाचा एक खेळाडू १९६७ ते १९७१ अशी पाच वर्षं ओरिओल्सच्याच खालच्या संघांतून फिरला, सर्वांत वरच्या ‘ट्रिपल ए’ पायरीपर्यंत चढला आणि तिथेच थांबला. बसमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत डाल्कोव्स्कीच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत होत्या. पुढे तो सिनेमाकडे वळला. १९८८ च्या त्याच्या ‘बुल डरहॅम’मधला तो भन्नाट वेगाचा, दिशाहीन पिचर त्याच गोष्टींतून आला.

खरं सांगायचं तर बाउमन आणि डाल्कोव्स्की हे विस्मृतीतले बडे लोक. दोघांवर लेख निघाले. बाउमनच्या नावाने मायनर लीगमधल्या दर वर्षीच्या सर्वाधिक होमरनवाल्याला पारितोषिक मिळतं, आणि रॉझवेलच्या मैदानाला त्याचं नाव आहे. (त्या नामकरणाच्याच समारंभात ऑगस्ट २००५ मध्ये तो पडला, कंबरेचं हाड मोडलं, आणि त्यातून न उठता सप्टेंबरमध्ये वारला. सत्कार जपून स्वीकारावेत.) विसरलेल्यांतही वरचे दर्जे आणि खालचे दर्जे असतात. सगळ्यांत खालच्या दर्जातले खेळाडू शोधायचे तर जुने धावफलक उघडावे लागतात. शंभरेक वर्षांपूर्वीच्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत जागा वाचवायला फक्त आडनावं छापत, तीही कापून. त्यामुळे आजच्या आकडेवारीच्या मोठमोठ्या संग्रहांत अशी पुष्कळ पानं आहेत, जिथे आडनाव आहे, गाव आहे, एका हंगामातले सामने आणि सरासरी आहे, आणि पहिलं नाव नाही. उजव्या हाताने खेळायचा की डाव्या, ठाऊक नाही. जन्म कुठे, मृत्यू कधी, ठाऊक नाही.

यांची नावं शोधणारे लोकही आहेत. १९७१ मध्ये कूपर्सटाउनला बेसबॉल संशोधकांची एक संस्था स्थापन झाली; तिचे सभासद हौशी, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त. ते जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म डोळे फुटेस्तोवर बघतात, जनगणनेच्या याद्या, थडग्यांवरचे लेख, लष्करभरतीचे कागद ताडून पाहतात. ‘मिलर’ हा ‘विल्यम’ होता, एवढंच सिद्ध करायला महिने जातात. मला हे लोक फार आवडतात. कुणाला न्याय मिळवून देण्याचा आव ते आणत नाहीत. पाटी अर्धी राहिलेली त्यांना बघवत नाही, इतकंच.

मेजर लीगची रेषा किती पातळ आहे, ते १९६९ च्या मॅकमिलनच्या ‘बेसबॉल एन्सायक्लोपीडिया’त दिसलं. त्या जाडजूड ग्रंथात मेजर लीगमध्ये एक सामना खेळलेल्यालाही जागा होती. आर्ची ग्रॅहम २९ जून १९०५ ला जायंट्सकडून दोनेक इनिंग्ज राइट फील्डला उभा राहिला, फलंदाजीची पाळी येण्याआधीच सामना संपला, आणि पुढे तो मिनेसोटात डॉक्टर झाला. त्याची एक ओळ ग्रंथात आली. कादंबरीकार किन्सेलाने ती ओळ हेरली, कादंबरीत घातली, तिथून ग्रॅहम ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या सिनेमात गेला. बाउमनच्या ७२ होमरनना त्या ग्रंथात जागा नव्हती.

आणि ही रेषा हलतेही. रे डँड्रिज हा कृष्णवर्णीय खेळाडू तिसऱ्या बेसवर जबरदस्त होता. १९३० च्या दशकात गोऱ्यांच्या लीगची दारं त्याला बंद होती, म्हणून तो नीग्रो लीग आणि मेक्सिकोत खेळला. दारं किलकिली झाली तेव्हा जायंट्सने त्याला मिनिआपोलिसच्या मायनर संघात घेतलं. १९५० मध्ये तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वरून बोलावणं आलं नाही. १९५१ च्या मे महिन्यात आलं ते त्याच्या वीस वर्षांच्या सहकाऱ्याला, विली मेजला. डँड्रिज १९९४ मध्ये वारला. २०२० च्या डिसेंबरात मेजर लीगने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीग याही मेजर लीगच होत्या. जिवंतपणी ज्याला बढती नाकारली, तो मरून २६ वर्षं झाल्यावर मेजर लीगचा खेळाडू झाला. हा न्याय म्हणावा की कारकुनी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेजरपर्यंत न पोहोचलेल्यांच्या यादीत आपल्याकडचीही दोन नावं आहेत. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे भालाफेकपटू. २००८ मध्ये एका चेंडूफेक स्पर्धेतून त्यांना निवडून अमेरिकेला नेलं आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. त्यांच्यावर डिस्नेने २०१४ मध्ये सिनेमा काढला. सिनेमा संपतो करारावर सह्या होतात तिथे. मायनर लीग सुरू होते नेमकी तिथून, आणि ते दाखवायला कुणी पैसे घालत नाही. दिनेश दोन हंगामांनी परतला. रिंकू वेस्ट व्हर्जिनियापर्यंत चढला, मग दुखापतींनी कोपर निकामी केलं. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या आखाड्यात वीर महान या नावाने उतरला.

पगाराचं सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकात चार ओळी सरकवून मायनर खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळपास वगळलं. २०२२ मध्ये खेळाडू संघटित झाले, आणि २०२३ च्या पहिल्या करारात खालच्या ‘ए’ दर्जाचा वर्षाचा पगार ११,००० डॉलरवरून २६,२०० वर गेला. पण त्याआधीच मेजर लीगने आपल्याशी संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली होती. त्या कापाकापीत डाल्कोव्स्कीची ती पहिली लीग, ॲपलॅशियन लीग, गेली. २०२१ पासून तिथे उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजची मुलं खेळतात. किंग्सपोर्ट आणि ब्लूफील्ड अजून एकमेकांविरुद्ध उतरतात, तिकिटं विकली जातात, पिचर तितक्याच जोराने फेकतात. पगार मात्र कुणालाच नाही.