सावलीतल्या दोन शेजारणी

उत्तर डेलावेअर आणि त्याला लागून असलेला पेनसिल्व्हेनियाचा कोपरा, म्हणजे ब्रँडीवाइनचं खोरं, हा बागांचा मुलूख. दारूगोळ्याच्या कारखान्यांवर श्रीमंत झालेल्या ड्यू पाँ घराण्यातल्या माणसांनी इथे लाँगवुड, विंटरथर, माउंट क्युबा अशा एकाहून एक बागा उभ्या केल्या. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना लाँगवुडची कारंजी दाखवतो, फोटो काढतो आणि घरी येतो. घरामागे मात्र जुने ओक उभे असतात, आणि त्यांच्याखाली गवतसुद्धा धड धरत नाही.

आपल्या घरांतून यावर एकच उपाय निघतो: झाड पाडा. वांगी, भेंडी, तुळस, मोगरा ही सगळी उन्हाची लेकरं, तेव्हा त्यात नवल नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी दोन ओक पाडायला माणूस बोलावला होता. त्यातला एक आतून पोखरलेला निघाला, तो गेला. दुसरा धडधाकट होता, तो घरातल्या आजींच्या हट्टामुळे राहिला. मग त्याच्याखाली लावायचं काय, हा प्रश्न माझ्याकडे आला. त्याचं उत्तर या भागात पायी फिरून मिळतं, म्हणून हा लेख.

फिरायला सुरुवात आपल्याच गल्लीतून करावी. टपालपेटीच्या खांबाशी, झाडाच्या बुंध्याभोवती, गराजच्या उत्तरेला जी रुंद, शिरा उठून दिसणारी पानं असतात ती होस्टा. मराठी माणूस तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा हमखास म्हणतो, "अरे, हे तर अळू!" अळूशी तिचं काही नातं नाही. ती मूळची जपान, कोरिया आणि चीनची. जपानमध्ये तिच्या काही जातींचे कोवळे कोंब 'उरुई' या नावाने भाजीत खातात. कुत्र्यामांजरांना मात्र ती बाधते. १८२३ ते १८२९ या काळात नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच वखारीचा डॉक्टर असलेल्या सीबोल्डने जपानी वनस्पती युरोपात नेल्या, त्यात होस्टाही होत्या. मोठ्या निळसर पानांच्या एका जातीला त्याचंच नाव आहे. आज ती इथली इतकी झाली आहे की तिला कोणी परदेशी म्हणत नाही.

दुसरीला भेटायला हॉकेसिनजवळ माउंट क्युबाला जावं लागतं. कोपलंड दांपत्याच्या या जागेत भर आहे तो इथल्या डोंगरपायथ्याच्या देशी वनस्पतींवर. वसंतात तिथल्या वाटेने चाललं की झाडांखाली, दगडांच्या आधाराने, द्राक्षाच्या किंवा मेपलच्या पानाची आठवण करून देणारी पानं गोल झुबक्यात बसलेली दिसतात. ही ह्यूकेरा. फुलं बारीक, उंच काडीवर. खरी शोभा पानांचीच. ती मूळची उत्तर अमेरिकेची, पण दुकानात जांभळ्या, कॅरामेल, लिंबाच्या रंगांत इतक्या संकरित रूपांत येते की तीच परकी वाटावी. माउंट क्युबाने २०१२ ते २०१४ या काळात ऐंशीहून अधिक वाण शेजारी शेजारी लावून पाहिले. इथल्या दमट उन्हाळ्यात चांगले टिकले त्यांत 'सिट्रोनेल' आणि 'कॅरामेल' होते. या दोघांत आग्नेय अमेरिकेतल्या 'व्हिलोसा' जातीचं रक्त आहे. म्हणून नर्सरीत रंगावर भाळण्याआधी चिठ्ठीवर 'व्हिलोसा' शब्द शोधा.

दोघी सावलीच्या, पण स्वभाव निराळे. होस्टाला ओलावा आणि कसदार माती हवी. पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी पुरतं. निळ्या होस्टाचा निळेपणा म्हणजे पानावरचा मेणाचा थर. दुपारच्या उन्हात तो जातो आणि पान हिरवं दिसू लागतं. ह्यूकेराला पाण्यापेक्षा निचरा महत्त्वाचा. मुळं ओली राहिली की गाभा कुजतो. म्हणून तिला थोड्या उंचवट्यावर, उतारावर किंवा दगडाच्या कडेला लावावं, आणि गाभा मातीत पुरू नये. गर्द सावलीत जांभळी ह्यूकेरा मातीत मिसळून जाते. तिथे लिंबाच्या रंगाची लावली तर दिवा लावल्यासारखी दिसते.

मग येतं हरीण. या भागात होस्टा म्हणजे हरणांचं कोशिंबिरीचं ताट; एका रात्रीत नुसते देठ उरतात. ह्यूकेराला ती सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून हरणांच्या वाटेवर ह्यूकेरा आणि होस्टा घराच्या भिंतीजवळ, ही वाटणी बरी. पावसाळी वसंतात बिनशंखाच्या गोगलगायी होस्टाच्या पानांची चाळण करतात. जाड पानांचे वाण त्यातून बऱ्यापैकी सुटतात.

ओकखाली लावताना एक पथ्य पाळायचं. झाडाची अन्न शोषणारी मुळं वरच्या थरातच असतात, त्यामुळे वाफा करण्यासाठी सगळी जमीन खणू नये आणि वर मातीचा ढीगही घालू नये. मुळांच्या मधल्या जागेत हाताच्या खुरप्याने छोटे खड्डे करून छोटी रोपं लावावीत. केनेट स्क्वेअरच्या मश्रूम शेतीतलं कंपोस्ट इथे सहज मिळतं. पण ताज्यात क्षार फार असतात, ते काही महिने पावसात पडू द्यावं. आणि झाड का राखायचं, याचं कारण डेलावेअर विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ डग टॅलमी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत: या भागात ओकवर पाचशेहून जास्त जातींचे सुरवंट जगतात, आणि पक्षी आपली पिल्लं सुरवंटांवर वाढवतात. त्यातले बरेच सुरवंट कोश करायला खाली मातीत, पाचोळ्यात उतरतात. खाली कापलेली हिरवळ असेल तर त्यांना जागा नाही; झाडंझुडपं आणि पाचोळा असेल तर आहे. म्हणजे या दोघींना लावणं हे ओकचंही काम आहे.

इथून रोप पुण्या-मुंबईला न्यायचा विचार मात्र करू नये. होस्टाला थंडीतली लांब झोप लागते, ती तिथे मिळत नाही. तिकडच्या सावलीला सोनटक्का आणि नेचे आहेतच.

हा अंक हातात पडेल त्या सुमारास दोघींमधला फरक सर्वांत जास्त दिसेल. होस्टा पिवळी पडून जमिनीवर लोळत असेल. ती मेली असं समजून उपटू नका. लिबलिबीत पानं काढून टाका, एप्रिलमध्ये त्याच जागी टोकदार कोंब येतील. मोठं झुडूप वाटून द्यायचं असेल तर तीच वेळ. ह्यूकेरा बर्फातही पानं राखून असेल, पण तिच्याकडे लक्ष मात्र हिवाळ्यातच द्यावं लागतं. माती गोठते, सैल होते, पुन्हा गोठते, आणि त्यात तिची मुळं वर ढकलली जातात. उबदार दिवस आला की एक फेरी मारून वर आलेलं रोप तळहाताने हलकेच दाबावं. भोवती पाचोळा घालावा, गाभ्यावर नाही. तीन-चार वर्षांनी खोड लाकडासारखं होऊन उंच आलं की वसंतात विभागून पुन्हा खोल लावावं.

आणि होस्टा जिथे झोपली आहे तिथे आत्ताच एक काडी रोवून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये खुरपं चालवताना कोंब तुटणार नाहीत.