हजेरीपत्रकावरची लाल खूण

चाकणच्या एका कारखान्यात मी हजेरी कारकून आहे. जनरल शिफ्ट साडेआठची. पावणेनऊनंतर येणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या नावापुढे मी लाल खूण करतो आणि त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार जातो. परवा दापोडीहून येणाऱ्या एका ताईंची महिन्यातली तिसरी खूण पडली. "दादा, सहाला घर सोडलं हो, भोसरीपासून बस हललीच नाही," एवढेच त्या बोलल्या. मला उत्तर सुचले नाही.

त्याच रात्री एका वृत्तवाहिनीवर पुणे-नाशिक रेल्वेवर चर्चा लागली. चार चौकटींत चार प्रवक्ते. पाऊण तास श्रेय कोणाचे आणि पाप कोणाचे यावरच भांडण! ताशी दोनशे किलोमीटरचा वेग पाच-सहा वेळा ऐकला, चाकणचा कामगार एकदाही नाही.

वास्तविक सुमारे २३५ किलोमीटरचा हा मार्ग चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा आखला होता. पुढे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो बाजूला पडला. २०२५ अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत अहिल्यानगर-शिर्डीवरून जाणारा पर्याय मांडला. दुर्बिणीशी माझे भांडण नाही. विज्ञान जपलेच पाहिजे. पण त्या तीस तबकड्या १९९० च्या दशकात उभारल्या, एका रात्रीत उगवल्या नाहीत. रेल्वेचा नकाशा काढताना त्या कोणाला दिसल्या नाहीत काय? निवेदकाने हे कोणालाच विचारले नाही.

इच्छा असली की काय होते तेही आपण पाहिले आहे. मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० साली, कोकण रेल्वे महामंडळ निघाले. रोखे काढून पैसा उभा केला, डोंगर फोडले आणि १९९८ साली पूर्ण मार्गावर गाडी धावली. आमच्या पिंपरी-चिंचवडवरून तर १८५८ पासून आगगाडी जाते. लोकल १९७८ पासून आहे. पण कासारवाडीला उतरले की चाकणकडे नाशिक रस्ताच, आणि तो तुंबलेला.

कंत्राटी कामगारांना अर्धा तास सवलत द्यावी, असा अर्ज मी वरच्या साहेबांकडे दिला. "बघू" म्हणाले. तीन आठवडे झाले.

आज नाशिक फाट्यावर पुन्हा गाड्या अडकल्या. ताई नऊला पाच कमी असताना आल्या. मी पेन हातात धरून बसलो होतो. त्यांनीच रकान्यावर बोट ठेवले. "करा दादा खूण, मागे रांग आहे."