नांदेडची गोड, लातूरची तिखट

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर. एसटीत पुस्तक उघडावं तर डोळा लागतो. दोन्ही गावं 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे लग्नात ‘डबल का मीठा’ दोन्हीकडे हवाच. सकाळच्या अंड्यातल्या डबलरोटीवर मात्र एकमत नाही.

अम्मी दोन अंडी, अर्धा कप दूध, साखर, वेलची फेटते. डबलरोटी कालचीच हवी, ताजी बुडवताच फाटते. चार तुकडे, मंद आच, तूप. सासूबाईंच्या अंड्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. दुधाचा थेंब नाही. नवी नवरी असताना मी त्यांच्या घरात साखरेची केली, तेव्हा सासरे काही न बोलता खाऊन उठले. मुलं दोन्हींना फ्रेंच टोस्टच म्हणतात.

गेल्या वर्षी अम्मीला शुगर निघाली. सुट्टीत गेले तेव्हा तिला लातूरची करून दिली. एक घास खाऊन म्हणाली, “अच्छा है, पन ये नाश्ता नहीं, सालन है.” दुसरा तुकडा मात्र मागून घेतला, आणि हळूच विचारलं, साखरेचा डबा कुठे ठेवलास?